दोन हात लांबून

भाचीचा फोन आला तेव्हा ती अंधेरीच्या फलाटावर होती आणि मी मुलुंडच्या. "मामा, आठ हजारांत पहिला फिल्म कॅमेरा घ्यायचाय. रेंजफाइंडर. कोणता घेऊ?" एवढे ऐकू आले आणि तिच्या बाजूला बोरिवली लोकल घुसली. तिचा आवाज परत येतो न येतो तोच माझी ठाणे फास्ट धडधडत गेली. आमच्या घरातले अर्धे लोक वेस्टर्नवर आणि अर्धे सेंट्रलवर राहतात, त्यामुळे महत्त्वाची बोलणी अशीच हप्त्याहप्त्याने होतात. रात्री मीच फोन लावला आणि विचारले, फोनमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हे खूळ कशाला? ती म्हणाली, "फोनमध्ये कसाही काढला तरी फोटो चांगलाच येतो. त्यात मी काय केलं, तेच कळत नाही."

हे उत्तर मला पटले. चुकायची सोय नसेल तर शिकायचीही नसते. म्हणून मी तिच्या प्रश्नाला कॅमेऱ्याचे नाव सांगून मोकळा झालो नाही, आधी हिशेब मांडला.

पहिला हिशेब पैशांचा. आठ हजार ही कॅमेऱ्याची किंमत धरली तर फसगत ठरलेली. एक ३६चा रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून हजार-दीड हजार रुपये सहज होतात. म्हणजे एका क्लिकला तीस ते चाळीस रुपये, नाक्यावरचे दोन वडापाव. महिन्याला एकच रोल वापरला तरी वर्षाला बारा ते अठरा हजार. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, रोल मात्र भाड्यासारखा दरमहा भरावा लागतो. एकेकाळी उटीच्या, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' नावाचा देशी रोल मिळत असे. आता जो मिळतो तो समुद्रापलीकडून येतो आणि येताना आपली किंमत वाढवून घेतो. म्हणून मी तिला म्हटले, आठ हजारांतले पाच-साडेपाच कॅमेऱ्याला ठेव, उरलेले रोलला.

बेताच्या पैशांत छायाचित्रणाचा नाद करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि मुंबईला तर ती चांगलीच ठाऊक आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. कुंडीतला वाटाणा रोज थोडाथोडा टिपून त्याच्या वेलाची वाढ पडद्यावर दाखवली, तेव्हा पैसे घालणारा माणूस राजी झाला. दादरच्या घरात कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडायचे काम सरस्वतीबाई रात्री करत असत, कारण अंधार लागे आणि दिवसभर घरातली माणसे जेवायला असत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. नेमक्या त्याच सुमाराला जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीतला ऑस्कर बार्नाक, दम्याचा रोगी, जड कॅमेरे वाहून दमला होता आणि त्याच ३५ मिलिमीटरच्या सिनेफिल्मवर चालणारी एक छोटी डबी बनवत होता. सिनेमाच्या दोन चौकटी एकत्र केल्या की त्याची एक चौकट होई, २४ बाय ३६ मिलिमीटर. ती डबी १९२५ साली लायका या नावाने बाजारात आली. दादरला सरस्वतीबाईंच्या बोटांतून गेलेली फिल्म आणि भाची आज जी फिल्म खिशात घालून बोरिवली लोकल पकडते ती, एकाच रुंदीची आहे.

दुसरा हिशेब अंतराचा, आणि रेंजफाइंडरमध्ये खरा मुद्दा तोच आहे.

आपल्या ओळखीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाला जे दिसते तेच आरशातून आपल्याला दिसते. रेंजफाइंडरमध्ये तसे नाही. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण सरळ समोर पाहतो. दुसऱ्या खिडकीतले दृश्य हलत्या आरशाने किंवा लोलकाने आत आणून पहिल्या दृश्याच्या मधोमध एका फिकट पिवळ्या चौकोनात टाकलेले असते. भिंगाची कडी फिरवली की त्या चौकोनातले भूत सरकू लागते. समोरच्या माणसाचे एक नाक आणि त्याच्या शेजारी दुसरे, पुसट नाक. दोन्ही नाके एकावर एक बसली की अंतर मोजून झाले, आणि कडी भिंगाला जोडलेली असल्यामुळे भिंगही तिथेच येऊन थांबले. भिंग स्वतः तिसऱ्या डोळ्याने पाहत असते. त्या डोळ्याला काय दिसते ते फोटो धुऊन येईपर्यंत आपल्याला कळत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. नाकासमोर अंगठा धरून एकेक डोळा मिटला की अंगठा उडी मारतो. जवळ धरला तर मोठी, लांब धरला तर लहान. सूर्यग्रहणाचे गणित करताना आपल्या सिद्धांतकारांना हीच उडी चंद्राच्या बाबतीत मोजावी लागली, कारण पृथ्वीच्या मध्यातून पाहिलेला चंद्र आणि तिच्या पाठीवरून पाहिलेला चंद्र एका जागी दिसत नाही. त्या फरकाला त्यांनी लंबन म्हटले. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजली आणि त्या पायावर त्रिकोणावर त्रिकोण रचत सगळा हिंदुस्थान मोजायला घेतला. पाया माहीत असला आणि कोन मोजता आले की न गेलेल्या जागेचेही अंतर सांगता येते. रेंजफाइंडर हेच करतो, फक्त त्याचा पाया म्हणजे दोन खिडक्यांमधली जागा. १९५४च्या लायका एम-३ मध्ये ती जवळजवळ सात सेंटिमीटर आहे, चार बोटे. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत त्याहून कमी. साडेसात मैलांवरून चार बोटांवर येईपर्यंत सव्वाशे-दीडशे वर्षे लागली, आणि वाटेत हे यंत्र तोफखान्यातूनही गेले. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड या जोडगोळीने १८८८ पासून अंतरमापकाची जी यंत्रे बनवली, त्यांनी युद्धनौकांवरच्या तोफांना नेम शिकवला. पहिल्या लायकामध्ये असे यंत्र नव्हते. माणसे अंतर अदमासाने लावत, नाहीतर वेगळ्या अंतरमापकाने मोजून आकडा कडीवर आणत. १९३२च्या लायका-२ मध्ये मोजणारा आणि भिंग हे एकमेकांना जोडले गेले. गोळा कुठे पडावा हे सांगणाऱ्या यंत्राने तेव्हापासून माणसांच्या डोळ्यांवर नेम धरायला सुरुवात केली.

लायका आमच्या बजेटात येत नव्हता, आणि तो विषय एका वाक्यात संपला. उरले तीन घराण्यांचे कॅमेरे.

पहिले रशियन. झोर्की-४, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला, १९५६ ते १९७३ पर्यंत निघालेला. त्याच्या आधीचा फेड तर याहून गोष्टीवेल्हाळ. खार्किवमध्ये अनाथ आणि भटक्या मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन मकारेंको ती चालवत, आणि त्या मुलांनी १९३४ पासून लायकाची नक्कल करून कॅमेरे बनवले. नाव ठेवले फेड, म्हणजे फेलिक्स एडमुंडोविच द्झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या पहिल्या प्रमुखाची आद्याक्षरे. ज्यांना घर नव्हते त्यांच्या हातचा कॅमेरा पोलिसाच्या नावाने ओळखला जावा, ही इतिहासाची खोड. झोर्कीला सेल लागत नाही, भिंग बदलता येते, यंत्र शेतीच्या अवजारासारखे सरळ. पण त्याला एक पथ्य आहे. शटर ताणल्याशिवाय त्याच्या वेगाच्या चकतीला हात लावायचा नाही. लावला तर आतला काटा मोडतो. पथ्य कळण्याआधी ज्यांनी तो वापरला, अशा किती मालकांच्या हातून तो आपल्यापर्यंत आला असेल, हे बाहेरून दिसत नाही.

दुसरे घराणे जपानी, विजेवर चालणारे. यशिका इलेक्ट्रो ३५, पहिली आवृत्ती १९६६ची. छिद्र आपण ठरवायचे, वेग तो ठरवतो. उजेड कमी असला तर पिवळा दिवा, जास्त असला तर लाल. त्याचे १.७ छिद्राचे भिंग आपल्या खोल्यांतल्या एका ट्यूबलाइटलाही पुरते. आखातात गेलेल्या माणसांच्या बॅगेतून टू-इन-वन आणि परदेशी साबणांबरोबर असले जपानी कॅमेरे उपनगरांत उतरले आणि लग्नाचे अल्बम भरून कपाटांवर चढले. यात अडचण सेलची. मूळचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, दुसरा सेल पितळी जोडणीत घालून चालवावा लागतो. सेल नसेल तर शटर फक्त एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने उघडते.

तिसरे घराणे त्यांच्या मधले. कॅननचा १९७२चा कॅनोनेट जी-३ क्यूएल-१७ आणि ऑलिम्पसचा १९७० चा ३५ आरसी. दोघांतही सेल संपला तर वेग आणि छिद्र हाताने लावून काम चालते. शिकणाऱ्याला याहून चांगले काही नाही, आणि हे सगळ्यांनाच कळलेले असल्यामुळे त्यांची किंमत वाढून बसली आहे.

"म्हणजे चांगला कोणता?" भाचीने विचारले. मी म्हटले, चांगले सगळेच आहेत, तुला कोणाची खोड सोसवेल ते बघ. आठ हजारांत बिनखोडीचे काही मिळत नाही. स्थळे बघायला गेलेल्या माणसांना हे जितके लवकर कळते तितके बरे.

शनिवारी आम्ही सीएसएमटीला भेटलो आणि बोरा बाजारात शिरलो. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरही जुने कॅमेरे मिळतात, पण तिथे कॅमेरा घेणाऱ्याला भाव करता यावा लागतो आणि यंत्रही कळावे लागते. आमच्यापैकी कोणाकडेही दोन्ही नव्हते. फोर्टचा हा भाग मात्र छायाचित्रणाचे आजोळच. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे या कलेतले पहिल्या पिढीचे नाव, आणि हरिचंद चिंतामण यांनी तर तिचा धंदा केला. त्या काळी काचेवर ओले रसायन ओतून ते सुकायच्या आत फोटो घ्यावा लागे. त्यापुढे आमचा सेलचा प्रश्न फारच कोवळा.

दुकानातले काका सत्तरीचे. त्यांनी काउंटरवर निळे फडके पसरले आणि त्यावर चार कॅमेरे मांडले, काही न बोलता, सोनार मांडतो तसे. मी माहीत असलेल्या परीक्षा घेतल्या. मागचे दार उघडून कडेचा फोम पाहिला. जुना फोम डांबरासारखा चिकट होतो आणि त्यातून उजेड झिरपतो. तो खरवडून काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी चालते, म्हणून तो दोष मी माफ केला. भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारला. एका कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी उठली. ही बुरशी. मुंबईचा पावसाळा चार महिने प्रत्येक बंद कपाटात बसून असतो आणि चामड्याच्या केसमध्ये जपून ठेवलेल्या कॅमेऱ्यावर त्याचा विशेष लोभ. जो कॅमेरा वापरला गेला तो वाचला, जो जपला गेला तो कुजला. बाजूला ठेवला. मग दारात येऊन रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या सगळ्यांत लांबच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली. भिंगाची कडी शेवटपर्यंत फिरवल्यावर दोन टाक्यांची एक व्हायला हवी. एका कॅमेऱ्यात दोनच राहिल्या, एकीच्या डोक्यावर दुसरी.

शेवटी यशिका उरली. काकांनी तिचा दांडा ओढला आणि माझ्याकडे पाहिले. "ऐकलं?" आत काहीतरी 'टक्' करून बसले होते. हा आवाज नसेल तर आतला रबराचा एक चिमुकला तुकडा झिजून गेलेला असतो आणि मीटर भलतेच सांगू लागतो. इलेक्ट्रोची नाडी या आवाजात असते. भाचीने दांडा पुन्हा पुन्हा ओढून तो आवाज ऐकला. साडेपाच हजारांत सौदा झाला, सेलची जोडणी वर. उरलेल्या पैशांत दोन रोल आले.

परत येताना मी तिला माझी फजिती सांगितली. कॉलेजात असताना मी मित्राची हीच यशिका उसनी आणली होती आणि मावसभावाच्या मुंजीचा अख्खा रोल भिंगावरचे टोपण न काढता खेचला होता. खिडकीतून मला सगळे लख्ख दिसत होते, मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत. मीटरही स्वतःच्या वेगळ्या डोळ्याने उजेड मोजत होता, त्यालाही पत्ता नाही. रोल धुऊन आला तेव्हा छत्तीस कोऱ्या चौकटी होत्या. मावशी अजून अधूनमधून अल्बम दाखव म्हणते.

भाची हसली, पण मग तिने एक प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मला पटकन देता आले नाही. तिने भिंगावरचे आकडे वाचले होते. "मामा, हा ०.८ मीटरच्या आत येतच नाही?"

येत नाही. यशिका आणि कॅनोनेट ८० सेंटिमीटरवर अडतात, ऑलिम्पस ९०वर, झोर्की एका मीटरवर. एसएलआरने फुलाच्या केसरापर्यंत जाता येते, फोनने तर भाताच्या शितापर्यंत. दोन खिडक्यांच्या या यंत्राला फार जवळचे मोजता येत नाही, कारण त्या दोघींमधला कोन मावेनासा होतो. आपला जुना हात अठरा इंचांचा धरला तर ही मर्यादा साधारण दोन हातांची भरते. कॅमेरा निवडताना मी भिंग पाहिले, सेल पाहिला, बुरशी पाहिली, पण या आकड्याचा विचार केला नव्हता. आणि उपनगरात राहणाऱ्याला सगळ्यांत महाग पडणारा आकडा तोच आहे.

कारण दोन हात जागा आमच्याकडे आहे कुठे? घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्यावर संध्याकाळी पुढच्याची पाठ आपल्या छातीला लागलेली असते. सकाळी अंधेरीला दारात लटकणाऱ्या माणसाचा घाम आपल्या शर्टाला कळतो. दहा बाय बाराच्या खोलीत ज्याचा संसार झाला त्याने आपल्या माणसांना पूर्ण उंचीचे क्वचितच पाहिलेले असते. पाहिलेला असतो तो खांदा, हात, ताटावर वाकलेले डोके. 'अंतर' या आपल्या शब्दाला दोन तोंडे आहेत. एक बाहेरचे, मैलांत आणि हातांत मोजायचे. दुसरे आतले, ज्यावरून अंतरंग आणि अंतरीची खूण आली. आणि या दोहोंमध्ये कुठेतरी ते तिसरे, जेव्हा माणूस म्हणतो, मला अंतर देऊ नकोस. गर्दीच्या गावात राहून आम्ही पहिले अंतर विसरलो, आणि ते नसल्यामुळे दुसऱ्याचाही अदमास चुकू लागला. जवळ असणे आणि पाहिलेले असणे, यांत आम्ही फरक केला नाही.

रेंजफाइंडर हा फरक करायला लावतो. त्याच्या खिडकीत चौकटीची रेघ असते आणि रेघेच्या बाहेरचेही थोडे दिसत राहते: आता आत येऊ पाहणारा मुलगा, निघून चाललेली सायकल. अशाच खिडकीतून पाहणारे छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी गांधीजींना भेटले होते, आणि ते तिथून निघाल्यावर थोड्याच वेळात चौकटीबाहेरचा माणूस आत आला. कोणत्याही यंत्राला ते मोजता आले नसते. पण चौकटीबाहेर जग आहे याची आठवण निदान हे यंत्र देत राहते, आणि पाहायचे असेल तर दोन हात मागे हो, एवढे सांगते.

रविवारी भाची मुलुंडला आली, रोल घालून. तिला आजीचा फोटो काढायचा होता. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. भाची तिच्यासमोर बसली आणि डोळा लावला. चौकोनात दोन आज्या दिसत राहिल्या, काही केल्या एक होईनात. ती उठून ओट्याला टेकली. तरी दोन. दारात गेली. शेवटी पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडला पाठ लावून उभी राहिली. मध्ये मी होतो. "मामा, तू रेघेच्या आत येतोयस," ती ओरडली. मी फ्रिजला चिकटलो.

"तिला आत बोलव," आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "दारात काय करतेय पोर?"

मी सांगितले की त्या कॅमेऱ्याला फार जवळचे दिसत नाही.

आईने मान वर केली आणि पॅसेजमधल्या नातीकडे चष्म्यावरून पाहिले. "मग त्यात काय एवढं," ती म्हणाली. "चाळिशी लागल्यापासून मीही पेपर लांबच धरते की." आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "काढ की गं आता, किती वेळ बसू?"

यशिकाच्या शटरचा आवाज फार बारीक असतो. फोटो केव्हाच काढून झाला होता.